ठराव क्रमांक सात

लिहिणारी मी,
कारण बाकीच्यांना पेनापेक्षा विळा हलका वाटतो.

सोलापूरहून जीप आली.
पाच हजार रोपं, काळ्या पिशव्यांत,
गिरीपुष्प, सुबाभूळ.
शाळेच्या व्हरांड्यात साहेब म्हणाले,
हा माळ उघडा पडलाय,
दोन पावसाळ्यांत हिरवागार करून टाकू.
मजुरी तुम्हालाच.

मजुरी.
मार्चमध्ये नान्नजच्या रस्त्यावर
हा शब्द टँकरसारखा येतो,
आधी आवाज, मग धावत बायका.

निंगव्वा उठली नाही.
अध्यक्ष असून सभेत ती उकिडवीच बसते,
चंची उघडी ठेवून.
"उघडा कुठाय?" म्हणाली,
आणि बोटांवर मोजत गेली,
पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी.
कुसळीपाशी थांबली.
लुगड्याच्या काठातून एक कुसळ उपसलं,
टेबलावर ठेवलं, साहेबांच्या पेनाशेजारी.

"ह्याची बी सही घ्या."

कुणी हसलं नाही.
मग मेहरून फिसकन हसली
आणि सगळ्याच.

मी लिहून घेतलं ते असं:
गवत कापायचं दिवाळीनंतर, बी झडल्यावर.
शेरडं उगवतीच्या पट्ट्यात, एक साल आड.
धाविकेची अंडी दिसली तर भोवती तीन दगड,
आणि पोरांना पत्ता सांगायचा नाही.
झाडं लावायची ती बांधावर,
बोर, हिवर, कडुनिंब.
माळ माळच राहील.

लिहिलं नाही ते असं:
सरूबाईला त्या मजुरीतून
पोरीची नर्सिंगची फी भरायची होती.
तिनं हात वर केला, ठरावाच्या बाजूनं,
आणि खाली घेताना
तो कुठं ठेवावा तिला कळेना.

दिवेलागणीला निंगव्वा तिच्या दारात,
हातात गटाचा पत्र्याचा डबा.
नऊशे मोजले, पुन्हा मोजले.
"गवत कापलं की फेड. पेंढ्या मोजून घीन."
मायेचा संशयसुद्धा येऊ नये
इतकं कोरडं.

जीप वळली तेव्हा एक पिशवी खाली पडली होती.
दोन पानांचं रोप, मान टाकलेलं.
मला वाटलं, शेरडांपुढं टाकेल.
तिनं ते न्हाणीच्या पाण्यावर लावलं, परसात.
मी बघत राहिले तशी म्हणाली,
"झाडासंगं माझं काय भांडण?
जागा चुकली होती बिचाऱ्याची."