हातचा

ऑगस्टमधल्या त्या सोमवारी धुकं इतकं होतं
की सुपीरियर सरोवरावरच्या मालबोटी नुसत्या ऐकू येत होत्या.
खिडकी क्रमांक तीनच्या मागे मी, मार्लिस ग्रोन्डाल,
कॉलेजचं नोंदणी कार्यालय, डुलुथ, बावीस वर्षं.

मुलगी आली. मागोमाग बाप.
आयली प्रेबिच. उत्तरेकडून, लोखंडाच्या खाणींकडून,
दीड तासाची वाट.
बापाच्या बुटांच्या शिवणीत तांबडी माती.
खाण मार्चपासून बंद आहे म्हणाला,
पण ही माती काही निघायची नाही.

तिने कागद सरकवला. मे महिन्यातली परीक्षा,
एपी कॅल्क्युलस, पाचपैकी चार.
आमच्या कोष्टकात त्याला चार श्रेयांक आहेत,
पहिल्या वर्षाची गणिताची अट तिथेच मिटते.
मी म्हटलं, "सुटलीस. गणित करायला नको."
"केलंय ना मी," ती म्हणाली.
जरा लागल्यासारखं.

मग सांगत सुटली, मी काही विचारलं नव्हतं:
वर्गात सातजण. तास सकाळी पावणेसातला,
कारण कांगस सर त्यानंतर शाळेची बस चालवायचे.
जानेवारीत हीटर बंद पडला
तेव्हा हातमोजे घालून सरांनी
वक्राखालचं क्षेत्रफळ भरलं पट्ट्यापट्ट्यांनी,
अरुंद पट्ट्या, त्याहून अरुंद, त्याहूनही,
आणि खडू मोडला की म्हणायचे,
"पोरांनो, ही सीमा."

बाप इतका वेळ गप्प. आता काउंटरवर वाकला.
"म्हणजे याचे पैसे भरायचे नाहीत?"
"नाहीत."
"चारही श्रेयांकांचे?"
"चारही."
त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.
ओठ हलत होते.
तळघरातल्या टाकीत तेवढ्यात किती तेल बसेल,
ते तेल कुठल्या महिन्यापर्यंत पुरेल,
असंच काहीतरी. मी नजर वळवली.

यंत्रात दोन पर्याय येतात: सूट, किंवा श्रेय.
एरवी मी बघत नाही, बोट पडेल ते.
सूट म्हणजे माफी.
माफी तिने मागितली नव्हती.
मी 'श्रेय' निवडलं
आणि जूनमध्ये सवयीने घातलेलं तिचं नाव
पहिल्या वर्षाच्या गणितातून काढून
दुसऱ्या वर्षाच्या गणितात टाकलं.
ती म्हणाली, "तिथे सगळे मोठे असतील."
बाप म्हणाला, "असू देत."
दोघं धुक्यात गेली. आधी तांबडे बूट दिसेनासे झाले.

माझ्या नावापुढे त्या विषयात तीनदा 'सोडला' आहे.
एकदा पोटात डेल होता.
एकदा रात्रपाळी.
तिसऱ्यांदा कारण नव्हतं.
बावीस वर्षं मी इतरांच्या पदव्या
टिंबटिंब जुळवून पूर्ण करून देते,
गाळलेली ओळ मला लांबून दिसते.

दुसरीत मिसेस ओयेन शिकवायच्या:
सहा नि सात तेरा, तेराचे तीन, हातचा एक.
तो एक पुढच्या घरावर बारीक लिहा,
पुढे न्या.
मी लिहायचे. न्यायला विसरायचे.
उत्तर दर वेळी दहाने कमी.

पाच वाजता याद्या ताज्या झाल्या.
पहिल्या वर्षाचं गणित, मंगळवार-गुरुवार, सकाळी आठ,
खोली दोनशे चौदा. शिल्लक जागा: एक.
कर्मचाऱ्याला सत्रात एक विषय फुकट असतो,
हे नव्या माणसांना दर वर्षी मीच सांगते.

शेजारच्या खिडकीतल्या बाईने दिवा घालवला,
विचारलं, "निघायचं ना?"
बाहेर न दिसणाऱ्या बोटीने भोंगा दिला,
पुलाने उत्तर दिलं.
"तू हो पुढे," मी म्हटलं,
आणि माझाच नोंदणी क्रमांक
मला तोंडपाठ निघाला.

तेराचे तीन.