रकाना

वहीत तुझ्या नावापुढे तीन महिने
नुसत्या आडव्या रेघा.
नर्सबाई म्हणाल्या, लिहून टाक लाल पेनानं: संपर्क तुटला.
मी टोपण काढलं.
परत लावलं.

तुटायला तो काय दोर होता?
तुटला असता तर आवाज आला असता
खाली मोखोत्लाँगपर्यंत.

तुझं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं.
आमच्या डोंगरांत सून उंबऱ्यात आली
की सासर तिला हाक मारतं
अजून न झालेल्या लेकराची आई म्हणून.
तू मा-मोलेमो. मोलेमो म्हणजे भलं.
मोलेमो आला, दहा महिने राहिला,
पीचच्या झाडापलीकडे निजला.
नाव तुझ्यापाशी राहिलं,
बाळ गेल्यावर अंगात दूध राहतं तसं.
दूध निदान आटतं.

मग ही धाकटी.
सहाव्या आठवड्यात तिच्या टाचेतून
रक्ताचे पाच ठिपके कागदावर घेतले,
मीच धरला होता तिचा पाय, एवढासा, संतापलेला.
कागद मासेरूला गेला. निकाल आला.
तू आली नाहीस.

म्हणून आज म्हाताऱ्या सेखोटोचं घोडं मागितलं.
बर्फ वितळून घाट निसरडा,
दोनदा उतरून लगाम हातात धरून चालले.
तुझ्या सासूनं दारातच विचारलं, कोण गं तू?
म्हटलं, चर्चच्या बायकांपैकी.
खोटं नाही ते. मंगळवारी असते मी तिथं.

झऱ्यावर, बादली भरेपर्यंत,
तू मक्याच्या पिठाच्या पिशवीतली बाटली दाखवलीस.
रिकामी. आत नुसता कापूस,
गोळ्यांची खुळखुळ भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून कोंबलेला.
शेवटचा महिना एकाआड एक घेतलीस म्हणे,
पुरवून पुरवून,
घरातलं मीठ पुरवावं तशी.
मी रागवायचं ठरवून आले होते.
घाटातच कुठेतरी पडला असावा तो राग.

मी कागद पुढे केला.
तू हात पदराखाली, म्हणजे ब्लँकेटखाली घेतलेस:
घडी मिटलेला कागद वाईट बोलत नाही, म्हणालीस.
मला माहीत आहे.
माझ्या खोसीचा कागद दोन दिवस
माझ्या खिशात होता, भाकरीचा तुकडा गुंडाळून.
आता तो शाळेत सातचा पाढा चुकतो
आणि मी त्याला रागावते, किती सुखानं रागावते.

वाच तूच, म्हणालीस शेवटी.
वाचलं. निगेटिव्ह.
तू हसली नाहीस.
विचारलंस, किती दिवसांपुरतं?

काय सांगू? खरं तेच सांगितलं:
ठिपके घेतले त्या दिवसापुरतं.
तू पाजतेस तोवर पुन्हा बघायचं,
नवव्या महिन्यात, मग दीड वर्षाची झाली की.
तोवर तुझी गोळी रोज,
एकाआड एक नाही, रोज.
तुझी गोळी म्हणजे तिच्या दुधाचं कुंपण.
नवी बाटली दिली. कापूस तू तुझाच घातलास.

गुरुवारी मेंढ्यांची लोकर कातरायची आहे,
टॅक्सीला पैसे लागतात,
नवरा खाणीतून आला तर काय सांगू,
तू एकेक बोलत गेलीस
आणि बादली भरून वाहू लागली, कुणी हलवली नाही.
सोमवार, मी म्हटलं. निम्म्या वाटेवर, पुलापाशी, मी थांबते.
सोमवार, तू म्हणालीस,
जशी कुणी उसनं घेताना म्हणतं.

रकान्यात तारीख लिहिली, पेन्सिलीनं.
नदी चढली तर खोडता येते.
धाकटीनं पेन्सिल मुठीत धरली, सोडेना,
म्हणून सोमवारचा आकडा जरा वाकडा आलाय.

निघताना विचारलं, माहेरी काय म्हणायचे गं तुला?
तू सांगितलंस, इतकं हळू
की घोड्यानं कान टवकारले.

वहीत त्याला रकाना नाही.
घाट उतरेपर्यंत तोंडात धरून ठेवलं.