रात्रीची नोंदवही

मला रात्रभर जागायचा पगार मिळतो.
नोमूनला मिळत नाही.

उलानबातर, मुलींचं वसतिगृह, बाहेर उणे एकतीस.
दाराशी मी, मिठाच्या चहाचा थर्मास
आणि नोंदवही: एकशे बारा नावं,
अकरा वाजता प्रत्येकीपुढे एक खूण,
खुणा झाल्या की दाराला कुलूप.
खूण म्हणजे झोप नव्हे,
हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळलं.
वर चपला फरपटतात,
कुणीतरी दोन वाजता केस धुतं.

आज सव्वातीनला ती जिना उतरून आली,
अंगात भावाचा कोट, मोजा एकाच पायात.
"एगच, दार उघडता?"
(एगच म्हणजे ताई. माझ्या वयाला शोभत नाही, पण चालतं.)
कुठे जायचंय?
"कुठे नाही. दार उघडं असलेलं बघायचंय."

ही नववी रात्र, म्हणाली.
भूगर्भशास्त्राचा पेपर होऊन गेला
तरी डोळ्याला डोळा नाही.
आधी वाटलं अभ्यासानं होतंय, मग वाटलं कॉफीनं,
आता वाटतं, मीच अशी आहे.
समुपदेशक बाई फक्त मंगळवारी येतात,
यादीत हिचा नंबर सतरावा.
तोवर सोलोंगोने फोनमधला एक आवाज दिलाय,
तो मऊ मऊ सांगतो:
डोळे मिटा, मेंढ्या मोजा.

इथे ती हसली. मीही.
मेंढपाळाच्या लेकीला!
"आई कधी मोजत नाही," म्हणाली,
"संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून नुसती नजर फिरवते
आणि सांगते, कानावर डाग असलेली आली नाही.
आहेत त्या दिसतच नाहीत तिला.
नाही ती दिसते.
मग कुणीतरी घोड्यावर बसतं.
मग कुणाची झोप?"

परवाच्या हिवाळ्यात झुद पडला,
गवतावर बर्फाचं झाकण, पत्र्यासारखं.
चारशेंतल्या साठ उरल्या.
त्या साठ विकून हिची फी.
"डोळे मिटले की सगळ्या येतात कुंपणाशी.
एकेकीला रंगावरून ओळखते मी."

यावर काय बोलणार?
मला चहा ओतता येतो. नावं वाचता येतात.

"मग वाचा," ती म्हणाली.

वाचली. खालच्या मजल्यापासून, दिव्याखाली वही धरून.
ओयुनदारी. आहे.
त्सेरेनल्हाम. आहे.
मिशेल, ताप आलेला, पण आहे.
तिसऱ्या मजल्यावर, खोली चौदाशी, एक ओळ मी गाळली.
तिने पकडलं. आईचीच नजर.
"होंगोरझुल?"

ते नाव नोव्हेंबरात मीच खोडलं,
ऑफिसातून सांगितलं तसं, पट्टी धरून.
पण पेन दाबून चालवायची माझी खोड,
पान उलटलं तरी मागून बोटाला लागतं.
त्या रात्रीही अकराला
तिच्यापुढे खूण होती.
हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

"नाही तर नाही म्हणा," नोमून म्हणाली,
"पण वाचा."

होंगोरझुल.
नाही.

पाइपातून वाफ खडखडत वर गेली.
थर्मासचं झाकण मी दोनदा लावलं, दोनदा काढलं.
मग चौथा मजला.
एनेरेल, आहे. सोलोंगो, आहे, घोरत असेल.
नोमून.
मी थांबले.
बाकावर ती कोटाचं बटण फिरवत होती.
"आहे," म्हणाली, जरा उशिराने,
जशी वर्गात मागच्या बाकावरून हजेरी देतात.

लगेच झोप लागली, असं नाही सांगणार.
पुढची नावं तिने ऐकली,
वही संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून ऐकली.
पाचच्या सुमारास डोकं भिंतीला टेकलं,
तोंड उघडं, अनवाणी पाय माझ्या शालीत.

येत्या मंगळवारी, माझ्या झोपेच्या वेळी,
मी बाईंच्या दाराशी उभी राहणार आहे,
सतरा म्हणजे किती मंगळवार, ते विचारायला.
उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.
जागायची सवय आहे मला.

तोवर शेऱ्याच्या रकान्यात:
पहाटे ५.२०. बाकावर एक मुलगी.
झोपलेली.
सहाला दार उघडायचं आहे,
कुलूप आवाज न करता काढावं.