बोरसांगवी हॉल्ट

बुधवारी इथं मी एकटीच उतरते,
खांद्याला लसींचा निळा डबा, आत बर्फाच्या चार लाद्या.
फलाट नाही. शेवटच्या पायरीवरून खडीत उडी,
डबा पोटाशी धरून.
गार्ड हात हलवतो. एक मिनिट.
मग तुरीच्या रानापलीकडं आवाज विरतो
आणि माझीच चप्पल मला ऐकू यायला लागते.

पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीनदा लिहिलंय,
खाली : समुद्रसपाटीपासून चारशे आठ मीटर.
समुद्राशी इथं कुणाचं देणंघेणं नाही,
तरी मोजून ठेवलंय कुणीतरी.

तिकिटाची खिडकी विटांनी बुजवली.
ख्वाजामियाँ कमिशनवर तिकिटं विकायचे,
परभणीहून गठ्ठा आणायचे कापडी पिशवीत,
बोटांना कायम शाई.
ते गेल्यावर निविदा निघाली, कुणी भरली नाही;
शंभर तिकिटांमागं मिळायचं
त्यात दिवसाचा चहासुद्धा भागत नव्हता म्हणे.
आता आम्ही सगळे विनातिकीट,
चोरी न करता चोर.
मी परभणीला उतरून तिकीट काढते,
होऊन गेलेल्या प्रवासाचं.
खिडकीतला पोरगा हसतो, सुटे मागतो.

परतीची गाडी चार चाळीसची.
चार चाळीस म्हणजे पाच, सहा,
किंवा बाकाखालचं कुत्रं उठेल तेव्हा.
बाकावर सटवाजी बसलेले असतात.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी,
आणि जायचं कुठंच नसतं.
"मास्तर, गाडी यायलीय का?"
पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं.
मागं बाभळ होती.
"मास्तर नाही बाबा इथं कुणी."
"मग तुमी कोण?"

मोबाइलला एक दांडी रेंज होती.
"मानवत रोड सोडलंय," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
सदऱ्याचं वरचं बटण लावलं.
गाडी आली, थांबली, मला घेऊन गेली.
ते बसूनच होते.

असे किती बुधवार गेले, मोजले नाहीत.
मधे एकदा मी रजेवर होते, पोरीला ताप होता.
नंतरच्या बुधवारी डबा टेकवायच्या आत ते म्हणाले,
"मागल्या बुधवारी गाडी आलीच न्हाई."

आली होती. वेळेवर आली होती,
मी घरी बसून लाल ठिपका सरकताना बघितला होता
उगीच, पोरीच्या कपाळावर पट्टी बदलता बदलता.
एक मिनिट थांबलीही असेल इथं,
गार्डनं हातही हलवला असेल.
पण कुणी सांगितलं नव्हतं.

काय बोलावं कळेना.
मग परभणीच्या भोंग्यातली ती बाई बोलते ना,
तशा आवाजात, नाकातून,
मी म्हटलं, "प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल
आम्ही दिलगीर आहोत."

"व्हतं कधीमधी, मास्तर," ते म्हणाले,
आणि बाकावर मला जागा करून दिली.
कुत्रं अजून झोपलेलंच होतं.