फुटलेली अंडी : एक

सकाळी साडेसहाला मेडिकलच्या भटारखान्यात
बेचाळीस अंडी मोजून घेते मी.
बेचाळीस आली, बेचाळीस गेली, खाली सही.
उकळताना ती एकमेकांवर आपटतात,
आवाज थेट दात वाजल्यासारखा.
वरच्या वार्डात तो रोजच ऐकते.

बेड अकरा. सुगंधा कुमरे, देवलापारकडची.
डासानं दिलेली थंडी आठ दिवसांत उतरली,
पण ताप जाताना
भाडं थकवलेल्या घरातून भांडी न्यावीत
तसं रक्त घेऊन गेला.
डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून दाखवली :
आतून पांढरी, तांदळाच्या धुवणासारखी.
"सहा पॉइंट चार," म्हणाल्या.
"मलेरिया गोळ्यांनी गेला, कौतिकाबाई.
रक्त भरायला गोळी एकटी पुरत नाही.
खाऊ घाला हिला."

घालते की.
लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नको, लिंबू पिळ.
शी काळी होईल, घाबरू नको.
कळमन्याहून भाचा डागी संत्री आणतो, तीही सोलून देते,
घरून डब्यात चवळीची पालेभाजी, जवसाची चटणी.
ती सगळ्याला "हाव बाई" म्हणते
आणि ताट रिकामं असतं.
पाच दिवस रिकामं.
सहाव्या दिवशी रिपोर्ट : सहा पॉइंट चार.

चादर बदलताना पदराची गाठ हाताला लागली.
आत अंडं. सोललेलं नाही. अजून कोमट.

"काहून वं?"
तिनं खिडकीकडं पाहिलं.
खाली कडुलिंबाजवळ तिचा नवरा, मांडीशी पोरगा,
पाचच्या भेटीची वाट बघत
सकाळी नऊपासून बसलेला.
"त्याचे ओठ पाह्यले का बाई तुमी?
मले तं गोळी तरी हाये."

लिंबू, चवळी, जवस,
माझं सगळं पाठांतर
तिथंच घशात अडकलं.

आज सुगंधाच्या पलंगावर टेकून बसले.
शेवटचा घास गिळेपर्यंत हलले नाही.
तोंड उघडून दाखव म्हटलं, तर हसली,
इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
मग खाली आले, रजिस्टर ओढलं
आणि कोपऱ्यातल्या रकान्यात लिहिलं :
फुटलेली अंडी, एक.

खोटं नव्हतं तसं.
कडुलिंबाच्या पारावर आपटून
त्यानंच फोडलं ते माझ्यासमोर,
नखानं टरफल काढलं, अर्धं बापापुढं धरलं,
बापानं मान हलवली.
मग माझ्याकडं बघून म्हणाला,
"मीठ नाई आनलं?"