तात्पुरतं नाव

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळच्या तळघरात
एकोणीस लॅपटॉप आलेत,
एका जर्मन बँकेने मोडीत काढलेले.
एकाच्या पोटाला अजून चिठ्ठी: खिडकी तीन, ऊटा.
ऊटाबाई, माफ करा,
तुमची डिस्क मी पुसली. वाचलं काही नाही.
(एक फोटो दिसला, कुत्र्याचा. तेवढाच.)

नुगझार घड्याळाचे सेल बदलतो.
तो पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा,
अजूनही काही चालू पडलं की आधी वर बघतो.
सेल मेलेलं यंत्र दर वेळी
त्याच एका जुन्या एक जानेवारीला जागं होतं;
तारीख सांगितली की ऐकतं,
वीज गेली की विसरतं.
वीज गेली. एकाहत्तर टक्क्यांवर.
बॅटऱ्या होत्या त्या नावापुरत्या.
अंधारात आम्ही राजमा भरलेली रोटी खाल्ली
आणि पुन्हा शून्यापासून.

भाषा? जॉर्जियन.
वेळ? तिबिलिसीची.
कळफलक? इथे हात थांबतो.
कळा जर्मन, आणि आमची अक्षरं तेहेतीस.
ती मी भुवयांच्या चिमट्याने चिकटवते, श्वास धरून,
काही कळांवर दोन-दोन, दाटीने.
एकोणीस गुणिले तेहेतीस किती,
ते मी मुद्दाम काढलं नाही.

पासवर्डात एक तरी मोठं अक्षर हवं, असं यंत्राचं म्हणणं.
आमच्या लिपीत लहान-मोठं नसतं,
अक्षर ते अक्षर.
तो नियम मी काढून टाकला.
कुणाला विचारलं नाही.

आणि नाव?
ते तू लिहायचं.
तू म्हणजे कोण, मला ठाऊक नाही.
आमच्याकडे ‘तो’ला आणि ‘ती’ला शब्द एकच,
त्यामुळे तुझ्याविषयी बोलताना आमचं अडत नाही.
तू वर ओनीला असशील, शाळेत,
जिथे रस्ता लवकर पांढरा होतो, एवढंच कळलंय.
तोवर आत मी राहते, एका तात्पुरत्या नावाने,
अर्धवट घरात गवंडी चूल मांडतो तशी.
आवाज तपासते.
अक्षरं दोन घरं मोठी करते, कुणाचे डोळे कसे असतील.
प्रिंटर नाही, तरी प्रिंटरची सोय लावते.
चित्र कुठलं लावावं यावर नुगझारशी भांडले.
त्याला द्राक्षं हवी होती. मी नुसता निळा रंग ठेवला.

शेवटी एक बटण असतं.
ते दाबलं की यंत्र बंद होतं,
आणि पुढच्या खेपेला उघडेल तेव्हा
मला ओळखणार नाही.
माझं खातं, माझा पासवर्ड,
चाचणीला टाइप केलेलं अ ब ग द,
सगळं स्वतःच झाडून बाहेर टाकतं.
अठरांचं दाबलं. एकोणिसाव्यापाशी
जरा रेंगाळले असेन;
नुगझार म्हणाला, आटप, गाडी खोळंबलीय.

नऊ दिवसांनी फोन. वरून.
शाळेची शेगडी पेटवणारी बाई, त्सिआला.
मुलं यायच्या आधी, पहाटे,
तिनेच एकाचं झाकण उघडलं होतं.
‘हात पुसून उघडलं हो.
हे नाव विचारतंय. कुणाचं लिहू?’
तुमचंच, म्हटलं.
बराच वेळ फोनमध्ये नुसती लाकडं तडतडत राहिली.
‘माझं?’
मग एकेक कळ. मला ऐकू येत होती.
त्सिआलात आमची पाच अक्षरं,
चौथ्याला ती थबकली.

‘पोरी, हा ल वाकडा चिकटलाय.’