मिरकरवाड्यात दसरा

बर्फाच्या कारखान्यामागे टेकबहादूरनं
मासळीच्या क्रेटात जव पेरले,
वर ताडपत्री. उजेड नको म्हणाला.
नवव्या दिवशी पिवळेधमक.
"आमच्यात रुजवण म्हणतात," मी.
"जमरा," तो.

टिका थोरल्यानं लावायचा.
सात खलाशी; थोरला सव्वीसचा.
त्याला आईनं मोबाइलवरून लावायला घेतला :
तिचं बोट जवळ जवळ आलं,
पडदा लाल झाला, आणि रेंज गेली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी कारकून. डिझेलची वही काखेत,
हाताला बांगड्याचा वास.
धुऊन आलो. तरी होताच.

दही, तांदूळ, लाल. कपाळं वाकली.
आशीर्वाद काय द्यायचा, कुणी सांगितलंच नव्हतं.
लाँच सुटताना रोज जे तोंडात येतं
तेच आलं :
"या रे."